दोनदा कोरलेला दुभाषी

इपी मूळचा मेन्नेफेर या नदीकाठच्या राजनगरीचा नव्हता, हे त्याने स्वतः सांगितल्याशिवाय कुणाला कळलं नसतं, आणि तो सांगत नसे. दाढी रोज घोटलेली, कमरेचं वस्त्र धुवट, डोळ्यांत काजळ, बोलण्यात नदीकाठच्या माणसाचा आळसावलेला हेल. मेलेल्यांचा देव सोकर, त्याच्या उत्सवात तो सगळ्यांच्या आधी गळ्यात कांद्यांची माळ घालून उभा असायचा. बाहेरून आलेल्या माणसाला घरच्यांपेक्षा थोडं जास्तच घरचं व्हावं लागतं, त्यातला तो प्रकार होता.

तो जन्मला उत्तरेकडच्या खारूच्या डोंगराळ मुलखात. आई त्याला इश्माद म्हणायची. सहा वर्षांचा असताना सैन्याबरोबर दोरीला बांधून आणलेल्या माणसांत तो इथे आला. बाप वाटेतच गेला, आई विणकरणींच्या कोठीत लागली आणि नदीचे दोन पूर, म्हणजे दोन वर्षं, उलटल्यावर तीही गेली. त्या कोठीत चार मुलखांच्या बायका मागावर बसत आणि दिवसभर चार भाषांत एकमेकींची उणीदुणी काढत. सूत गुंडाळता गुंडाळता पोराने चारही भाषा उचलल्या. शिव्या आधी, बाकीचं नंतर. पुढे कुणा लेखनिकाच्या हे ध्यानात आलं आणि इपीचं पोट त्याच्या जिभेवर चालू लागलं.

तीस वर्षं तो हातिआय धन्यांच्या पदरी दुभाषी होता. धनी मोठा माणूस. ‘राजाच्या उजव्या हाताचा पंखाधारी’ हा त्यांचा किताब, आणि उत्तरेकडून येणाऱ्या सगळ्या परक्यांचा कारभार त्यांच्याकडे. पंखा त्यांनी आयुष्यात कधी हलवला नसेल. तो हलवायला घामाने निथळणारे दोन गडी वेगळे होते, त्यांना किताब नव्हता. परके लोक यायचे, जमिनीवर लोळण घ्यायचे, हात वर करून आपापलं गाऱ्हाणं मांडायचे. धनी ते इपीच्या तोंडून ऐकायचे आणि राजाच्या कानावर घालायचे.

इपीची कीर्ती होती थोडक्यात सांगण्याबद्दल. परका माणूस अख्खा रांजण रिकामा होईपर्यंत बोलला, तरी इपी एका श्वासात मोकळा व्हायचा. धनी चारचौघांत म्हणायचे, “बाकीचे दुभाषी परक्यांचं बोलणं आणतात, आमचा इपी त्याचा अर्क आणतो.” इपीला हे ऐकून बरं वाटायचं. कुणाला वाटणार नाही?

तर अशा या धन्यांनी वाळवंटाच्या कड्यावर आपली कबर बांधायला घेतली आणि त्यांच्या पदरच्या माणसांची झोप उडाली. धन्याच्या कबरीच्या भिंतीवर आपलं चित्र यावं, चित्रावर नाव यावं, म्हणजे जन्माचं कल्याण. या जन्माचं नव्हे, पुढच्या कधीही न संपणाऱ्या जन्माचं. नाव वाचलं जातं तोवर माणूस असतो. नाव गेलं की माणूस गेला. गरिबाला स्वतःची भिंत कुठली? तो दुसऱ्याच्या भिंतीला चिकटतो.

जोडे सांभाळणारा सेबी त्यात सगळ्यांत चलाख. भिंतीवर रेखाटणी करणाऱ्या केन्नाला त्याने एक पोसलेला हंस नेऊन दिला आणि धन्यांच्या मागे, त्यांच्या गुडघ्याच्या उंचीचा, हातात जोडे घेतलेला सेबी नावासकट भिंतीवर उभा राहिला. मग तो इपीला येता-जाता डिवचू लागला. म्हणे, “तू जिभेवर जगलास. जीभ कशी कोरणार रे भिंतीत? जोडे कोरता येतात.”

इपी हसून सोडून द्यायचा, पण घरी येऊन अर्ध्या जेवणावरून उठायचा. त्याची बायको तामित इथलीच, नदीपलीकडच्या कोळ्याची मुलगी. मूलबाळ नाही. आपल्यामागे आपलं नाव घेऊन भाकरी ठेवायला कुणी नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणून तर त्या भिंतीवरच्या नावाची एवढी मातब्बरी.

आणि एक दिवस केन्नाचा निरोप आला, की येऊन जा, तुला भिंतीत घ्यायचं ठरलंय.

केन्ना साठीला आलेला, एका डोळ्यात पाणी झिरपणारा माणूस. गेरूत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणून फटकारायची, चौकटी पाडायच्या, त्या चौकटींत लाल रेघांनी माणसं उभी करायची, मग काळ्या रेघेने चुका सुधारायच्या, आणि छिन्नीवाल्यांच्या हवाली करायचं, हे त्याने जन्मभर केलेलं. इपी गेला तेव्हा उत्तरेच्या भिंतीवर लाल रेघा वाळत होत्या. एका टोकाला राजा दर्शन देतो ती खिडकी. तिच्यासमोर धनी, बाकी सगळ्यांच्या दुप्पट उंच, गळ्यात सोन्याचे हार. दुसऱ्या टोकाला परक्यांची रांग, हात वर केलेली. आणि मधोमध पाठीला पाठ लावून दोन माणसं. एकाचं तोंड धन्यांकडे, दुसऱ्याचं परक्यांकडे.

“हे दोघं कोण?” इपीने विचारलं.

“तू,” केन्ना म्हणाला. “दोन्ही तूच. इकडचं ऐकतोस आणि तिकडे सांगतोस. एका देहात ते कसं दाखवू? मान मोडेल.”

इपीला ते पाहून हसू आलं. सेबी एकदाच होता, तोही जोड्यांसकट. आपण दोनदा.

पण घोडं दुसरीकडेच अडलं होतं. धन्यांच्या किताबांनी अर्धी भिंत खाल्ली होती आणि कबरीच्या कामावरच्या कारभाऱ्याने दुभाष्याला मोजून एक नाव मंजूर केलं होतं. दोन चित्रं, नाव एक. ज्याच्यावर नाव कोरलं जाईल तो इपी होईल, दुसरा नुसता दगड. केन्नाने ते त्याच्या पद्धतीने सांगितलं. बिननावाचं चित्र म्हणजे घर बांधलं आणि राहायला कुणी गेलंच नाही. शिवाय अक्षरं म्हणजेही चित्रंच, त्यांतले पक्षी आणि माणसं ज्याचं नाव त्याच्याच दिशेने तोंड करतात, तेव्हा मध्यावर कुठेतरी लिहून दोघांत वाटूनही घेता येणार नाही. छिन्नीवाले तीन दिवसांनी येणार होते. तोवर सांग, केन्ना म्हणाला, म्हणजे माझी काळी रेघ मारून होईल.

यात विचारायचं ते काय, असं इपीला वाटलं. धन्यांकडे तोंड असलेल्यावर नाव. नैवेद्याचा चौथरा त्याच बाजूला होता. तो तसं बोलणारच होता, पण तेवढ्यात त्याची नजर परक्यांच्या रांगेवर गेली.

रांगेत नऊ जण होते. सात टोकदार दाढीचे खारूचे, एक डोक्यात पीस खोवलेला पश्चिमेच्या लिबू मुलखाचा, एक कानात कडं घातलेला दक्षिणेचा. इपी म्हणाला की एका दिवशी असे सगळीकडचे कधीच आले नव्हते. केन्ना म्हणाला की भिंतीला लागतात, राजाचे शत्रू नऊ असतात, दहा नाहीत आणि आठही नाहीत. बाकी ज्या दिवसाचं हे चित्र आहे तो दिवस मात्र खरा. धन्यांना राजाने सोन्याचे हार घातले, तो. त्या दिवशी खारूचीच माणसं आली होती. तू होतासच की.

इपी होता. तो भिंतीजवळच्या दगडावर बसला.

त्या दिवसाला अकरा पूर झाले होते. चौदा माणसं आली होती, बायका-पोरांसकट, पायांना चिंध्या बांधून. त्यांच्या वतीने एक म्हातारा बोलला. त्याची एक पापणी लोंबत होती. तो बराच वेळ बोलला. कोणत्या विहिरीत कुणी दगड टाकले, कोणती शेळी कुठे मेली, थोरली सून पोटुशी आहे, सगळं सांगत गेला. इपीला त्यातला शब्द न् शब्द कळत होता. तो नुसता खारूचा नव्हता, तो त्याच्या आईच्याच डोंगराचा हेल होता. इतक्या वर्षांनी तो कानावर पडला आणि इपी घाबरला. आपली जीभ आता घसरणार, चेहरा बदलणार, आणि हा त्यांच्यातलाच आहे हे सगळ्यांना दिसणार, असं त्याला वाटलं. म्हाताऱ्याने शेवटी एकच मागणं मागितलं होतं. कुठेही ठेवा, कसलंही काम द्या, फक्त आम्ही एका चुलीवरची माणसं आहोत, आमच्या चुली वेगळ्या करू नका.

इपी धन्यांकडे वळला आणि म्हणाला, “म्हणतात, आपला पराक्रम थोर आहे. आम्हाला श्वास द्या.”

जीवदान मागताना परके नेहमी हेच म्हणतात. निदान लेखनिकाच्या बाडात तरी हेच म्हणतात. लेखनिकाने लिहून घेतलं, धन्यांनी मान हलवली. बाप्ये दगडाच्या खाणींवर गेले, बायका दूरच्या विणकर कोठीत, पोरं देवळाच्या शेतांवर. आणि ही चुली मोडण्याची व्यवस्था त्यांना कळायच्या आधी, धनी आत गेल्यावर, म्हातारा इपीजवळ आला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला आशीर्वाद देऊन गेला. आपण बोललो ते सगळं या माणसाने पोचवलं, असं त्याला वाटलं होतं.

हे इपीने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तामितलाही नाही. त्या दुपारी केन्नाला सांगितलं. केन्ना कुंचल्याची टोकं चावून सारखी करत ऐकत राहिला.

“वर काय लिहिणार आहेस? त्यांच्या तोंडी?” इपीने विचारलं.

“श्वास द्या.”

“ते बदल.”

“ते माझ्या हातात नाही. कारभाऱ्याने मजकूर दिलाय, आणि भिंतीवरचे परके दुसरं काही बोलत नाहीत. धनी चौकटीत, मजकूर चौकटीत.” मग केन्ना जरा थांबला. “परक्यांचे चेहरे मात्र माझे. तिथे मला कुणी विचारत नाही. सांग, कसा होता म्हातारा?”

इपीने सांगितलं. कपाळ, गालांची हाडं, खांदा कसा पडलेला, पापणी. केन्नाने काळी रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. रांगेतला पहिला माणूस बघता बघता तो म्हातारा झाला. इपीला तिकडे बघवेना, आणि नजर काढवतही नव्हती.

“नाव सांग त्याचं,” केन्ना म्हणाला. “दाढीखाली बारीक अक्षरात घालतो. कारभाऱ्याची नजर तिथवर जात नाही.”

इपीने नकारार्थी मान हलवली. सुनेच्या पोटातलं मूल, मेलेली शेळी, विहिरींची नावं, सगळं त्याच्या लक्षात होतं. म्हाताऱ्याचं नाव त्याने विचारलंच नव्हतं. अर्क काढणाऱ्या माणसाला नावं लागत नाहीत.

संध्याकाळी घरी त्याने तामितपुढे सगळं ओतलं. ती मासे साफ करत होती. ती रडणाऱ्यांतली नव्हती. तिने सुरी चालवत सांगितलं, की झालं ते वाईट झालं, त्याला आता इलाज नाही. चूक तू केलीस खरी, पण चुली मोडल्या त्या धन्यांच्या हुकमाने. पण नावाचा प्रश्न आला तेव्हा तिचा आवाज चढला. त्याच्या मनात काय घोळतंय ते तिने ओळखलं होतं.

“हे बघ, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. नैवेद्य धन्यांसमोर येणार. तिकडे तोंड असलं तर चार घास तुझ्याही वाट्याला येतील. परक्यांकडे तोंड करून उभा राहिलास तर उपाशी मरशील.”

“मेल्यावर?”

“मेल्यावरच तर. जिवंतपणी मी आहे ना.”

तिचं सगळं खरं होतं. तो त्या रात्री जेवला, दुसऱ्या दिवशी कामावर गेला, धन्यांपुढे दोन व्यापाऱ्यांचं बोलणं सांगितलं. त्यात एकाने मध्येच आपल्या आजारी गाढवाची हकीकत लावली होती. ती गाळायची सोडून इपीने गाढवाच्या खुरापासून शेपटीपर्यंत सगळी सांगितली. धन्यांनी आश्चर्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो कड्यावर गेला. छिन्नीवाले सावलीत बसून कांदा-भाकरी खात होते. केन्नाचा कुंचला तयार होता.

“नाव त्यांच्याकडे बघणाऱ्यावर लिही,” इपी म्हणाला.

केन्नाने लगेच कुंचला उचलला नाही. “भाकरी तिकडे येत नाही, बरं का. आणि येणारा-जाणारा तुलाही परक्यांतलाच समजेल. जन्मभर जे झाकलंस ते तू स्वतः दगडात कोरून घेतोयस.”

“माहीत आहे.”

“मग?”

“धन्यांना सांगायला बिननावाचा दगडही चालेल. त्यांना मी काय सांगितलं ते सगळ्यांना पाठ आहे. पण तो म्हातारा हात वर करून उभा राहणार, लाखो वर्षं. त्याचं ऐकायला समोर कुणीतरी जिवंत नको?” इपीने म्हाताऱ्याच्या पडलेल्या खांद्याकडे बोट केलं. “त्याचं नाव मला देता येत नाही. माझं आहे, ते त्याच्यासमोर ठेव.”

केन्नाने काळी रेघ मारली. अक्षरांतले पक्षी परक्यांकडे तोंड करून बसले.

कबर पुरी झाली तेव्हा धनी पाहायला आले. त्यांनी आपलं नाक पाहिलं, हार आणखी जाड हवे होते म्हणाले, आणि दुभाष्याच्या दोन चित्रांवरून नजर फिरवून पुढे गेले. सेबीच्या मात्र नजरेतून काही सुटत नसे. त्याने गावभर केलं, की इपीने आयुष्यभर दोन्ही डगरींवर हात ठेवले आणि शेवटी धन्यांकडेच पाठ फिरवली, खाल्ल्या घरचे वासे मोजले. काही दिवस लोक इपीकडे जरा निरखून बघत, दाढी राखलीय का ते तपासत. मग विसरले. इपी विसरला नाही, पण त्याच्या पाठीवरचं काहीतरी उतरलं होतं. तो आता लांबण लावून सांगू लागला. धनी कंटाळले, आणि दोन वर्षांत त्यांनी एक तरुण दुभाषी ठेवला, थोडक्यात सांगणारा.

त्याच्या पुढच्या पुरात इपी तापाने गेला. कड्याच्या पायथ्याशी वाळूत त्याला पुरलं. धनी त्याच्या आधीच गेले होते, तेव्हा कबरीत पुजारी बसू लागला होता आणि नैवेद्य सुरू झाला होता.

सोकरचा उत्सव आला तशी तामित गळ्यात कांद्यांची माळ आणि पदरात एक भाकरी घेऊन कड्यावर चढली. पुजाऱ्याने तिला धन्यांसमोरचा चौथरा दाखवला. तिने सांगितलं, माझा माणूस त्या बाजूला बघतो. मग ती भिंतीच्या मध्यावरच्या दोन माणसांपुढून पलीकडे गेली, नाव असलेल्या नवऱ्यासमोर बसली, भाकरी ठेवली. आणि डोकं वर केलं तर समोर ते नऊ जण हात वर करून उभे. पहिल्याची पापणी लोंबलेली. तिने बोटाने रांग मोजली. मग भाकरी उचलून पदरात बांधली आणि कडा उतरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली ती डोक्यावर टोपली घेऊन. पुजाऱ्याने कपाळाला हात लावला. हे राजाचे शत्रू आहेत बाई, तो म्हणाला, आणि ते पीसवालं आणि ते कडंवालं तर त्या दिवशी आलेसुद्धा नव्हते, केन्नाने आपलं भरतीला घातलंय.

“पंगतीत उभे आहेत ना?” तामित म्हणाली. “मग वाढायला नको? यांच्या देखत तो एकटा खाईल होय?”

तिने पहिली भाकरी म्हाताऱ्यासमोर ठेवली, वयाने मोठा म्हणून. मग एकेक करत रांगेतून पुढे गेली, पीसवाल्यालाही ठेवली आणि कडंवाल्यालाही. दहावी इपीची. ती तिने सगळ्यांच्या शेवटी ठेवली, कारण घरच्या माणसाने पाहुण्यांचं झाल्यावर बसायचं असतं.